आवाजाची जोडी

त्या दुपारी मी गेले होते ती नुसती एक क्लिप बदलायला. कॉलरला माइक अडकवतात ना, त्याची क्लिप सैल झाली होती आणि राजाभाऊंच्या आवाजात मधेच खर्रखर्र यायची. नवी क्लिप पर्समध्ये टाकली, उन्हासाठी छत्री उघडली आणि निघाले. परत येऊन निवांत डबा खावा, इतका साधा बेत होता.

मी वाचा-उपचार करते. ज्यांचं बोलणं कोणालाच कळत नाही अशा माणसांसाठी आमच्या केंद्रात यंत्रं शिकवली जातात. तुम्ही फोनशी बोलता आणि अक्षरं उमटतात, त्यातलाच प्रकार. पण तुमचा फोन तुमच्याआमच्यासारख्या धडधाकट जिभांवर वाढलेला असतो. ज्याची जीभ, ओठ, जबडा मेंदूला जुमानत नाहीत, त्याचं बोलणं कानी पडलं की तो एक तर गप्प बसतो, नाही तर काहीतरी भलतंच ठोकून देतो. म्हणून एकेका माणसापुरतं यंत्र वेगळं शिकवावं लागतं. ते त्या माणसाचा आवाज ऐकतं आणि तेच वाक्य स्पष्ट आवाजात मोठ्यानं बोलून दाखवतं.

आमचा इंजिनिअर म्हणायचा, "मॅडम, मशीनला काही कळत नसतं. हा आवाज आला की त्याच्या जोडीचं वाक्य कोणतं, एवढंच ते घोकतं. जोड्या चांगल्या तर मशीन चांगलं."

माणसाला वाचता येत असेल तर जोड्या जमवणं सोपं. समोर वाक्य धरायचं आणि वाचायला सांगायचं. वाचता येत नसेल तर शेजारी घरचं माणूस बसवायचं. हा त्याच्या परीनं बोलतो, घरचं माणूस तेच स्वच्छ शब्दांत परत बोलतं, झाली जोडी. केंद्राची ही ठरलेली पद्धत होती. घरच्यांपेक्षा जास्त कोणाला कळणार? तेव्हा कोणी यावर शंका घेतली असती, तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं.

राजाभाऊंना वाचता येत नव्हतं. जन्मापासून हातपाय, मान, जीभ यांतलं काहीच त्यांच्या हुकमात नव्हतं. डोकं मात्र तल्लख. शाळेत कोणी घातलं नाही. आता पन्नाशी उलटली होती. थोरली बहीण त्यांना राजा म्हणायची, म्हणून आम्ही सगळे राजाभाऊ म्हणायचो. बहिणीला सगळं जग ताई म्हणायचं. आईवडील गेल्यापासून ताईंनी एकटीनं भावाचं सगळं केलं होतं आणि त्यांचं बोलणं फक्त ताईंनाच कळायचं.

खाली एक बंद पडलेला छापखाना, वर तिसऱ्या मजल्यावर यांची जागा. जिन्यात भर दुपारी हात भिंतीला लावून चढावं लागे. आत एक लांबट खोली, खिडकीशी राजाभाऊंचा पलंग, पलंगाला लागून ताईंची वेताची खुर्ची. खिडकीवर जाड तपकिरी पडदा कायम ओढलेला. धुळीनं खोकला होतो, असं ताई म्हणत. खोलीत सांधेदुखीच्या बामाचा वास असायचा आणि आतल्या फ्रिजची घरघर सोडली तर आवाज असा नसायचाच.

"आलात? बसा," ताई म्हणाल्या. "राजा सकाळपासून तुमचीच वाट बघतोय."

मी क्लिप बसवली आणि राजाभाऊंना काहीतरी बोलायला सांगितलं. त्यांचं बोलणं म्हणजे अख्ख्या अंगाचं काम. आधी मान मागे जायची, मग एक खांदा वर चढायचा आणि मग घशातून लांब, वळणं घेत जाणारा आवाज निघायचा. त्या दिवशी तो बराच वेळ चालला. मधे दोनदा श्वास घेतला, पुन्हा सुरू झाला. संपला तेव्हा कपाळावर घाम होता.

ताईंनी मऊ फडक्यानं त्यांची हनुवटी पुसली, श्वास घेतला आणि माइककडे वाकून म्हणाल्या, "मला पाणी हवंय. बास, एवढंच."

हे 'बास, एवढंच' त्यांचं पालुपद होतं. वाक्य संपलं, आता बंद करा, असा त्याचा अर्थ. इंजिनिअर प्रत्येक रेकॉर्डिंगच्या शेपटीवरून ते कापून टाकायचा आणि कुरकुरायचा, की आपल्याला निम्मा पगार या कापाकापीचाच मिळतो.

मी हसून म्हटलं, "ताई, एवढं बोलले आणि नुसतं पाणी?"

"त्याला थोडक्यात सांगताच येत नाही. लहानपणापासून हाच फापटपसारा."

राजाभाऊंनी नजर छताकडे नेली. ती तिथंच ठेवली. मी ते बघितलं आणि मी बघितलेलं ताईंनी बघितलं.

"त्याच्या डोळ्यांवर जाऊ नका, मॅडम," त्या म्हणाल्या. "ते त्याच्या ताब्यात नसतात."

मला सोडायला त्या जिन्यापर्यंत आल्या. अंगात ताकद राहिली नव्हती, ओढल्यासारख्या चालत होत्या. कठड्याला धरून म्हणाल्या, "मी गेल्यावर याचं कोण ऐकणार, या काळजीनं डोळ्याला डोळा लागत नाही. मशीन शिकलं ना नीट? मी सांगते तस्संच बोलेल ना?"

"हो ताई. अगदी तसंच."

"शब्दाला शब्द?"

"शब्दाला शब्द," मी म्हटलं. त्यांचा चेहरा उजळला. मला भरून आलं. एवढी माया मी क्वचित बघितली आहे आणि आजही मी हेच म्हणेन.

पुढच्याच महिन्यात ताईंना दवाखान्यात हलवावं लागलं. राजाभाऊंचा पुतण्या धावपळ करत होता. भला माणूस, पण नोकरी दुसऱ्या गावात, घरात लहान मूल, पार मेटाकुटीला आलेला. त्यानं काकांना आठवड्यापुरतं नदीकाठच्या एका निवासी संस्थेत ठेवलं. त्याच आठवड्यात ताई गेल्या. राजाभाऊंना परत घरी आणलं आणि दिवसरात्रीसाठी एक बाई ठेवली. पण ती व्यवस्था किती दिवस चालणार, हा प्रश्न होताच.

मी त्या संस्थेच्या संचालिकेशी बोलले. उंच, करड्या आवाजाची बाई, पण मनानं मऊ.

"आमच्याकडे एक जागा रिकामी आहे," ती म्हणाली. "त्यांना द्यायला मला आवडेल. आठवडाभर ते नुसते हसत होते हो. इथं अजून एक गृहस्थ आहेत, त्यांचंही बोलणं असंच. दोघं व्हरांड्यात बसून काय बोलायचे, देव जाणे. आम्हाला अक्षर कळायचं नाही, पण हसू कळायचं."

"मग घेऊन टाका ना."

"त्यांनी स्वतः सांगितलं पाहिजे. नातेवाईक माणसं आणून टाकतात आणि माणूस वर्षभर दाराकडे बघत बसतो. असं फार बघितलंय मी. आता मी प्रत्येकाच्या तोंडून ऐकते. तुमचं ते यंत्र आहे ना? त्यांना बोलू दे. मग मी हो म्हणते."

एका माणसाचं उरलेलं आयुष्य आता त्याच्या एका वाक्यावर होतं आणि ते वाक्य बोलायची सोय आमच्याकडे तयार होती. मी इतकी खूश होते की जिना चढताना धापही जाणवली नाही.

ताईंशिवायची ती खोली तशीच होती. पडदा ओढलेला, फ्रिजची घरघर. बाम आता कोणी लावत नव्हतं, तरी वास होता. उश्यांत मुरला असेल, असं मनाशी म्हटलं. पडद्याला कुठंतरी फट राहिली होती आणि उन्हाची एक चिंधी राजाभाऊंच्या पांघरुणावर पडली होती. ते तिच्याकडे बघत होते. मी यंत्र सुरू केलं, माइक लावला आणि म्हटलं, "बोला राजाभाऊ. आता मधे कोणी नाही. तुम्ही आणि आम्ही."

ते बोलले. लांब, जिवाच्या आकांतानं. यंत्राच्या स्क्रीनवर थांबायला सांगणारा गोल फिरला आणि आम्ही निवडलेला तो भारदस्त पुरुषी आवाज म्हणाला, "पडदा नीट लावा."

मी उठून फट बुजवली. वळून बघते तर त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि नजर छताला लावलेली.

काहीतरी चुकतंय एवढं मला कळलं. मी पलंगाच्या कडेला बसले. "राजाभाऊ, पडदा लावायला तुम्ही सांगितलं का?" नजर वरच. "नाही सांगितलं?" त्यांनी डोळे घट्ट मिटले. मी पडताळून बघितलं. "तुमचं नाव राजा?" डोळे घट्ट. "मी पोलिसात आहे?" नजर वर आणि तोंडाच्या एका कोपऱ्यात हसू. डोळे पूर्णपणे त्यांच्या ताब्यात होते. मिटले तर हो, वर नेले तर नाही, इतकं सोपं. एवढ्या वर्षांत हे कोणाला कळू नये?

मग मी विचारलं. नकोसं होतं, पण विचारलं. "तुम्ही बोलायचात आणि ताई सांगायच्या... ते बरोबर असायचं?"

त्यांनी वेताच्या खुर्चीकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. मग हळूहळू नजर वर गेली.

तेवढ्यात यंत्र बोललं, "मला झोपायचंय."

राजाभाऊंचं तोंड बंद होतं. ते हूं की चूं करत नव्हते. फ्रिजचा आवाज धरला असेल यंत्रानं, होतं असं कधी कधी. मी ते बंद करून पिशवीत घातलं आणि छत्री घ्यायला विसरूनच निघून आले.

इंजिनिअरनं सगळं ऐकून घेतलं. तो गंभीर झालेला मी पहिल्यांदा बघितला. "म्हणजे आपण मशीनला राजाभाऊ शिकवलेच नाहीत," तो म्हणाला. "ताई शिकवल्या."

"आता?"

"आता काय, मुळापासून पुसायचं. एकही जुनी जोडी ठेवत नाही. यंत्राचा टॅबलेटही नवा देतो. वाक्य तुम्ही बोला, त्यांना तेच बोलू द्या. मग घोळच नाही."

नव्यानं सुरुवात झाली. मी म्हणायची, "खिडकी उघडा," आणि राजाभाऊ तेच म्हणायचे, मान टाकून, खांदा चढवून. मी म्हणायची, "मला बाहेर जायचंय." त्यांना ती वाक्यं फार आवडायची. दमले की मी थांबवायची, तर डोळे वर. अजून. माणूस इतकी मेहनत कशासाठी करतो ते मला माहीत होतं. संस्थेतली जागा फार दिवस रिकामी राहणार नव्हती, तेही माहीत होतं. मी दुपारच्या इतर सगळ्या भेटी पुढं ढकलल्या.

केंद्रात बसून मी ही रेकॉर्डिंगं कानाला लावून तपासायची. एक दिवस लक्षात आलं, प्रत्येकात माझं वाक्य, मग राजाभाऊंचं, आणि मग... त्यांचं संपलं की कापडाची हलकी सळसळ. त्यामागून एक श्वास. आत घेतलेला. बोलायच्या आधी आपण घेतो तसा. मग काहीच नाही.

इंजिनिअरलाही ऐकवलं. तो म्हणाला, "तुमचाच असेल, मॅडम."

"मी तिथं बोलतच नाही ना."

"मग त्यांचा असेल." त्यानं हेडफोन काढले आणि जरा लांब ठेवले. "कापून टाकतो."

त्यानं कापले. सगळ्या रेकॉर्डिंगांतून कापले. दुसऱ्या दिवशीच्या रेकॉर्डिंगांत ते पुन्हा होते.

तरीही यंत्र शिकलं. एका दुपारी राजाभाऊंनी स्वतःहून तोंड उघडलं आणि यंत्र म्हणालं, "खिडकी उघडा." मी त्यांच्याकडे बघितलं. डोळे घट्ट मिटलेले. मी उठून पडदा ओढला, खिडकी सताड उघडली. खालच्या रस्त्यावरचा सगळा गोंगाट आत आला, एक माणूस कोणाला तरी शिव्या देत होता, आणि राजाभाऊ इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग ते पुन्हा बोलले, थांबत थांबत, आणि यंत्रानं एकेक शब्द ठेवला, "मला... नदीकडे... जायचंय. तो माणूस... माझी वाट... बघत असेल."

मी रडले. लाज वाटायचं काही कारण नव्हतं, खोलीत आम्ही दोघंच होतो. तिथूनच संचालिकेला फोन लावला. ती म्हणाली, "मी उद्या येते. पण मॅडम, तुमच्यावर विश्वास नाही असं नाही, मला त्यांच्याकडूनच ऐकू दे."

फोन ठेवला तेव्हा खिडकी बंद होती. वाऱ्यानं आपटली असती तर आवाज आला असता. राजाभाऊ हसत नव्हते.

दुसऱ्या दिवशी आभाळ दाटून आलं होतं, दुपारीच दिवा लावावा लागला. पुतण्या रजा काढून आला होता. संचालिका आली, छत्री कोपऱ्यात ठेवली आणि पलंगाशेजारच्या वेताच्या खुर्चीवर बसायला वाकली.

"तिथं बसू नका," यंत्र म्हणालं.

ती चटकन सरळ झाली. पुतण्या कानकोंडा होऊन म्हणाला, "आत्याची खुर्ची आहे ना ती. काकांना आवडत नसेल." त्यानं स्वयंपाकघरातून स्टूल आणून दिलं. मी राजाभाऊंकडे बघितलं. त्यांचे डोळे वर होते.

संचालिका त्यांच्यासमोर बसली. तिला अशा माणसांशी बोलायची सवय होती, ती सावकाश आणि सरळ बोलली. "राजाभाऊ, ओळखलंत ना मला? आमच्याकडे तुमच्यासाठी एक खोली आहे. नदीच्या बाजूची. तुम्हाला यायचंय की इथंच राहायचंय? तुम्ही म्हणाल तसं."

राजाभाऊंनी मान मागे टाकली. असं बोलताना मी त्यांना कधीच बघितलं नव्हतं. पाय ताठ झाले, पलंग करकरला, गळ्याच्या शिरा फुगल्या. आवाज चढत गेला, फुटला, पुन्हा जुळला. मला त्यांचं बोलणं येत नव्हतं, तरी त्या क्षणी ते काय म्हणताहेत ते मला कळत होतं. कोणालाही कळलं असतं. आवाज थांबला. खोलीत बामाचा वास इतका दाट झाला की डोळे चुरचुरले.

यंत्रावर गोल फिरत राहिला.

"मला इथंच राहायचंय," यंत्र म्हणालं. "ही माझी खोली आहे. मला कुठंही नेऊ नका. बास, एवढंच."

पुतण्या दचकला. मग ओशाळं हसला. "आत्याची सवय उचललीय काकांनी. ती असंच म्हणायची."

नव्या यंत्राच्या कानावर ताईंचा एक शब्दही पडला नव्हता. आणि जुन्याच्याही कानावर हे दोन शब्द कधी पडले नव्हते, कारण ते आम्ही दर वेळी कापत आलो होतो.

"थांबा," मी म्हटलं. "हे त्यांचं म्हणणं नाही. यंत्र चुकतंय. काल ते स्पष्ट म्हणाले..."

"मॅडम," पुतण्या नरमाईनं म्हणाला, "तुम्हीच सांगितलं होतं ना, की आता यंत्र म्हणेल तेच काका म्हणतात असं धरा?"

मी ते सांगितलं होतं. सगळ्या घरांत सांगते. मी पलंगाशी गुडघे टेकले आणि राजाभाऊंचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "राजाभाऊ, माझ्याकडे बघा. तुम्हाला नदीकडे जायचंय ना? डोळे मिटा. एकदा मिटा, बास. मी बघून घेते पुढचं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते माझ्या खांद्यावरून मागे बघत होते, वेताच्या खुर्चीकडे. डोळे सताड उघडे. पापणी लवत नव्हती. कोणीतरी वरून धरून ठेवल्यासारख्या त्या पापण्या थरथरत होत्या. पाणी गालांवरून कानांत उतरत होतं, तरी डोळे मिटत नव्हते... मिटत नव्हते.

"मिटा ना हो," मी म्हटलं. "राजाभाऊ..."

"पुरे, मॅडम," संचालिका माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली. "त्यांना त्रास होतोय. मला वाटलं होतं त्यांना आवडेल. पण माणूस स्वतः नाही म्हणतोय. मी त्यांना ओढून नेऊ?"

हीच बाई, हाच नियम, मला किती पटला होता. तिनं छत्री घेतली. पुतण्या तिला सोडायला जिना उतरला. मी राजाभाऊंच्या कॉलरवरचा माइक काढला, त्याची वायर यंत्रातून उपटली आणि यंत्र उशीवर पालथं टाकलं.

"दमला असाल," यंत्र म्हणालं, शांतपणे, त्या भारदस्त पुरुषी आवाजात. "आता या तुम्ही. मी आहे इथं."

मी ते यंत्र घरातून उचलून आणलं. असल्या आवाजापेक्षा मुकं असलेलं बरं, असं मला वाटलं. पुतण्याला सांगितलं, दुरुस्तीला नेतेय. इंजिनिअरनं त्याचा कणन्‌कण तपासला आणि त्यात खोट निघाली नाही. तो म्हणाला, यंत्र उत्तम आहे. मी संचालिकेला पुन्हा फोन केले, पत्र पाठवलं, एकदा तिच्या दारात जाऊन उभी राहिले. तिनं ऐकून घेतलं, चहा दिला. ती जागा तोवर भरली होती. व्हरांड्यात एक गृहस्थ चाकाच्या खुर्चीत बसले होते आणि शेजारी एक रिकामी जागा ठेवून नदीकडे बघत होते. मी त्यांच्याजवळ गेले नाही.

राजाभाऊंकडेही जाणं झालं नाही. झालं नाही म्हणजे मीच टाळलं. आज जाऊ, उद्या जाऊ. जिन्याच्या तोंडापर्यंत एकदा गेले होते, वरून बामाचा वास आला, परत फिरले.

मग एका रविवारी दुपारी पुतण्याचा फोन आला. आवाज आनंदानं फुललेला.

"मॅडम, ते यंत्र राहू द्या तुमच्याकडेच. आता गरज नाही. काका बोलायला लागले."

"म्हणजे?"

"म्हणजे तोंडानं, मॅडम. स्वतःच्या. स्वच्छ बोलतात, तुमच्यामाझ्यासारखं. डॉक्टरांनाही नवल वाटलं. परवापासून सुरू झालंय. आत्या असती तर... थांबा, देतो त्यांच्याकडे. तुमचीच आठवण काढत होते."

मला म्हणायचं होतं, की असं होत नाही. जी जीभ जन्मात कधी टाळ्याला लागली नाही, ती एका सकाळी उठून शब्द बोलत नाही. हे माझं काम आहे, मला यातलं कळतं. पण त्यानं फोन त्यांच्या कानाशी धरला होता.

"या ना, मॅडम," एक पुरुषी आवाज म्हणाला. घोगरा, पन्नाशीचा. राजाभाऊंच्याच छातीतून आलेला, हे मला लगेच कळलं. एकेक अक्षर सुटं, लख्ख. "किती दिवसांत फिरकला नाहीत. मी अगदी मजेत आहे. कसली म्हणून काळजी नाही. चहा घ्यायला या."

मी फोन कानाशी घट्ट दाबला. कारण तो आवाज बोलत असताना, त्याच वेळी, त्याच्या मागून मला दुसरं काहीतरी ऐकू येत होतं. लांबून, जाड भिंतीपलीकडून आल्यासारखं. लांब, वळणं घेत जाणारं, मधे श्वासासाठी थांबणारं आणि पुन्हा सुरू होणारं. महिनोन्‌महिने मी कानाला लावून ऐकलेलं.

पुतण्यानं फोन परत घेतला. "बघितलंत?"

"घरात अजून कोण आहे?" मी विचारलं.

"कोणी नाही. बाईंना रविवारी सुट्टी असते. मी आणि काका, दोघंच. का हो?"

मागे तो आवाज चालूच होता. आता त्याला घाई झाली होती.